नांदुऱ्यात ९० युनिटचं बिल ७६२ रुपये, तर २५० युनिटचं थेट २,८२५ कसं? विजेच्या बिलातला रुपया नेमका कुठे जातो

एप्रिल-मे आला की बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुरा, मलकापूर, खामगाव, शेगाव या पट्ट्यात पारा चाळिशीच्या वर जातो. घराघरात कूलर लागतात, पंखे रात्रंदिवस फिरतात. मग महिनाभराने महावितरणचं बिल येतं आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर त्याचे फोटो फिरायला लागतात. सोबतचे प्रश्नही दरवर्षी तेच असतात. 'मीटर फास्ट झालंय का?', 'दर गुपचूप वाढवले का?', 'वापर दुप्पट झाला, मग बिल चौपट का?'

यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बिलाच्या कागदावरच छापलेलं असतं. पण बहुतेक जण 'देय रक्कम' पाहतात आणि बिल बाजूला ठेवतात. विजेला एकच एक दर नसतो. बिलात चार-पाच वेगवेगळ्या रकमा असतात. प्रत्येक रक्कम वेगळ्या कारणासाठी घेतली जाते, वेगळ्या ठिकाणी ठरते आणि वेगळ्या खिशात जाते. बिल वाढलं, तर त्यातली नेमकी कोणती ओळ वाढली हे आधी पाहावं लागतं. त्यावरूनच तक्रार कुठे करायची आणि बचत कुठे होईल हे कळतं.

आधी हिशोब मांडू

समजा, नांदुऱ्यातल्या एका घरात सिंगल फेजचं साधं घरगुती कनेक्शन आहे. डिसेंबरात वापर झाला ९० युनिट आणि मे महिन्यात २५० युनिट. हिशोबासाठी महावितरणचे २०२४-२५ या वर्षाचे दर घेऊ. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने ३१ मार्च २०२३ च्या आदेशात हे दर ठरवले होते. त्यानंतर दर बदलले आहेत, पण हिशोबाची पद्धत तीच आहे. ताज्या बिलावरचे आकडे घालून कुणीही हाच हिशोब करू शकतो.

त्या वर्षी वीज आकार असा होता:

- ० ते १०० युनिट: ४.७१ रुपये प्रति युनिट
- १०१ ते ३०० युनिट: १०.२९ रुपये
- ३०१ ते ५०० युनिट: १४.५५ रुपये
- ५०० युनिटच्या वर: १६.६४ रुपये

याशिवाय प्रत्येक युनिटमागे १.१७ रुपये वहन आकार, महिन्याला १२८ रुपये स्थिर आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क.

डिसेंबर, ९० युनिट: स्थिर आकार १२८, वीज आकार ४२३.९०, वहन आकार १०५.३०. बेरीज ६५७.२०. त्यावर १६ टक्के शुल्क १०५.१५. एकूण ७६२.३५ रुपये.

मे, २५० युनिट: स्थिर आकार १२८. वीज आकारात पहिल्या १०० युनिटचे ४७१ आणि पुढच्या १५० युनिटचे १,५४३.५०, म्हणजे २,०१४.५०. वहन आकार २९२.५०. बेरीज २,४३५. त्यावर शुल्क ३८९.६०. एकूण २,८२४.६० रुपये.

युनिट वाढले पावणेतीन पट, बिल वाढलं जवळपास पावणेचार पट. डिसेंबरात एक युनिट सरासरी ८.४७ रुपयांना पडलं, मे महिन्यात ११.३० रुपयांना. मीटर बरोबर, दरही तोच. फरक पडला तो १०० च्या वर गेलेल्या युनिटमुळे.

'१०१ वं युनिट झालं की सगळंच महाग' हे खरं आहे का?

नाही. सोशल मीडियावर हा समज सर्रास फिरतो. १०० च्या पुढे एक युनिट गेलं की आधीच्या शंभर युनिटलाही वरचा दर लागतो, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात टप्पे पायरीसारखे असतात. पहिली १०० युनिट कायम पहिल्याच दराने मोजली जातात, मग घरात १२० युनिट वापरली जावोत किंवा ६२०. वरचा दर फक्त वरच्या युनिटला लागतो.

वरच्या हिशोबात १०० युनिटचं बिल ८३०.५६ रुपये येतं आणि १०१ युनिटचं ८४३.८५. फरक १३.२९ रुपयांचा.

पण याच आकड्यात एक कामाची गोष्ट आहे. शुल्क धरून १०० वं युनिट ६.८२ रुपयांना पडतं, १०१ वं १३.२९ रुपयांना आणि ३०१ वं १८.२४ रुपयांना. म्हणजे महिन्यातली शेवटची युनिट सगळ्यात महाग असतात. बचत करतानाही आधी हीच युनिट वाचतात.

ओळ पहिली: स्थिर आकार

घराला कुलूप असलं, एकही युनिट वापरलं नाही, तरी बिल येतं. वरच्या दराने ते १४८.४८ रुपये होतं, म्हणजे १२८ रुपये स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क. पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या आणि गावातलं घर बंद ठेवलेल्या कुटुंबांना हा खर्च नेहमी खटकतो.

यामागचं कारण असं की वीज वापरली नाही तरी ती मिळण्याची सोय उभी असते. खांब, तारा, डीपी, उपकेंद्र, लाइनमन, मीटर रीडिंग, बिल छपाई हा खर्च युनिटवर अवलंबून नसतो. त्यातला काही भाग स्थिर आकारातून वसूल होतो. थ्री फेज कनेक्शनला हा आकार बराच जास्त असतो. त्यामुळे गरज नसताना थ्री फेज घेतलं असेल, तर दर महिन्याला त्याचा भुर्दंड पडतो.

ओळ दुसरी: वीज आकार

मे महिन्याच्या बिलात १०० रुपयांमागे सुमारे ७१ रुपये याच ओळीचे आहेत. उरलेल्यात शुल्क सुमारे १४ रुपये, वहन आकार १० रुपये आणि स्थिर आकार साडेचार रुपये.

महावितरण स्वतः जवळपास सगळी वीज विकत घेते. ६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचं विभाजन झालं. त्यातून वीज तयार करणारी महानिर्मिती, उच्च दाबाच्या वाहिन्यांतून ती वाहून नेणारी महापारेषण आणि घरापर्यंत पोहोचवणारी महावितरण अशा स्वतंत्र कंपन्या झाल्या. महावितरणच्या एकूण खर्चात वीज खरेदीचा वाटा सगळ्यात मोठा, साधारण तीन चतुर्थांशाच्या आसपास असतो.

ही वीज कुठून येते हे नांदुऱ्याच्या रेल्वे स्टेशनवर उभं राहिलं तरी डोळ्यांसमोर येतं. मुंबई-हावडा मार्गावरच्या या स्टेशनच्या पूर्वेला, शेगावच्या पुढे अकोला जिल्ह्यातलं पारस औष्णिक वीज केंद्र आहे. तिथे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. पश्चिमेला भुसावळजवळ दीपनगरचं केंद्र आहे. दोन्ही केंद्रं महानिर्मितीची आणि दोन्ही कोळशावर चालणारी. कोळसा येतो रेल्वेने. अर्थात पारसची वीज थेट नांदुऱ्यात येते असं नाही. सगळ्या केंद्रांची वीज एकाच जाळ्यात जाते आणि तिथून गरजेप्रमाणे वाटली जाते. त्यात कोळशासोबत पाणी, अणू, वारा आणि सौर ऊर्जाही असते.

एक युनिट औष्णिक वीज तयार करायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. त्यामुळे कोळशाची किंमत, रेल्वेचं भाडं आणि कोळशावरचा कर हे तिन्ही आपल्या युनिटमध्ये येतात. उदाहरण द्यायचं तर, कोळशावर कित्येक वर्षं टनामागे ४०० रुपये उपकर होता. युनिटमागे तो साधारण पाव रुपया होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा उपकर रद्द झाला आणि त्याच वेळी कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के करण्यात आला. घरगुती विजेवर जीएसटी लागत नाही, पण कोळशावर भरलेला जीएसटी खर्च म्हणून शेवटी दरात येतोच.

वापरली नाही तरी पैसे द्यावे लागणारी वीज

वीज खरेदीच्या करारांमध्ये बहुतेक वेळा दोन भाग असतात. एक भाग प्रत्यक्ष घेतलेल्या युनिटचा, म्हणजे मुख्यतः इंधनाचा खर्च. दुसरा भाग क्षमतेचा. केंद्र तयार ठेवलं, तर त्याचं कर्ज, व्याज, देखभाल आणि नफा यासाठी ठरलेली रक्कम द्यावी लागते, वीज उचलली नाही तरीही. घराच्या बिलात जसा स्थिर आकार असतो, तसाच हा महावितरणला लागणारा स्थिर आकार.

याचा सगळ्यात कडू अनुभव महाराष्ट्राने एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पात घेतला. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. वीज महाग होती आणि करारामुळे ती न उचलताही क्षमतेचे पैसे द्यावे लागत होते. अखेर मे २००१ मध्ये तेव्हाच्या विद्युत मंडळाने ही वीज घेणं थांबवलं. मागणीचा अंदाज चुकला आणि करार महागडा झाला, तर त्याचा भार कुठे येतो, हे तेव्हा सगळ्या राज्याला कळलं.

म्हणूनच येत्या दहा वर्षांत किती वीज लागेल आणि ती कुणाकडून कोणत्या दराने घ्यायची, हे आज केलेले करार उद्याच्या घरगुती दराचा पाया असतात. बिलावर मात्र त्यांची वेगळी ओळ कधीच दिसत नाही.

ओळ तिसरी: वहन आकार

केंद्रातून निघालेली वीज आधी महापारेषणच्या उंच मनोऱ्यांवरून येते. हा खर्च वीज आकारातच धरलेला असतो. उपकेंद्रापासून घरापर्यंत महावितरणच्या तारांचा जो खर्च होतो, तो बिलावर 'वहन आकार' म्हणून वेगळा दिसतो. २०२४-२५ मध्ये तो युनिटमागे १.१७ रुपये होता. यात टप्पे नाहीत. पहिल्या युनिटला जो दर, तोच शेवटच्या युनिटला.

वाटेत वीज गळतेही. तारा तापतात, जुन्या डीपीमध्ये वीज वाया जाते, आकडे टाकून चोरी होते, बंद मीटरमुळे मोजणी चुकते. समजा, ग्राहकांच्या मीटरवर ८५ युनिट नोंदवली जावीत म्हणून १०० युनिट विकत घ्यावी लागली, तर त्या १०० युनिटचा खर्च ८५ युनिटवर वाटला जातो. नियामक आयोग गळतीची मर्यादा ठरवून देतो. त्या मर्यादेपर्यंतचा खर्च दरात धरला जातो. गल्लीत कुणी आकडा टाकला, तर नुकसान फक्त कंपनीचं होतं असं नाही. प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्या शेजाऱ्यांच्या दरातही त्याचा वाटा असतो.

ओळ चौथी: इंधन समायोजन आकार

ही ओळ कधी शून्य असते, कधी मोठी असते, तर कधी वजा. वर्षाचे दर ठरवताना कोळशाची आणि वीज खरेदीची एक किंमत गृहीत धरलेली असते. प्रत्यक्षात खर्च जास्त झाला, तर फरक या ओळीतून नंतर वसूल होतो. दर वाढल्याची बातमी नसतानाही बिल वाढलं, तर बहुतेक वेळा कारण इथेच सापडतं.

२०२२ चा उन्हाळा हे त्याचं ठळक उदाहरण. मार्चपासूनच उष्णतेची लाट होती, मागणी वाढली होती, देशात कोळशाची टंचाई होती आणि आयात कोळसा महागला होता. त्यानंतर महावितरणच्या घरगुती ग्राहकांना पहिल्या १०० युनिटवर युनिटमागे ६५ पैसे, १०१ ते ३०० वर १.४५ रुपये, ३०१ ते ५०० वर २.०५ रुपये आणि त्यापुढे २.३५ रुपये इंधन समायोजन आकार लागला. २५० युनिट वापरणाऱ्या घराला ही एक ओळ २८२.५० रुपयांची पडली आणि शुल्क धरून सुमारे ३२८ रुपयांची. मूळ दर मात्र एक पैसाही बदललेला नव्हता.

ओळ पाचवी: वीज शुल्क

घरगुती ग्राहकांकडून १६ टक्के वीज शुल्क घेतलं जातं. ही रक्कम महावितरणची नाही. ती राज्य सरकारच्या तिजोरीत जाते. ती ठरवण्याचा अधिकारही सरकारचाच आहे, आयोगाचा नाही. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन या सगळ्यांच्या बेरजेवर हे शुल्क लागतं. त्यामुळे आधीची कोणतीही ओळ वाढली की शुल्क आपोआप वाढतं. आपल्या मे महिन्याच्या उदाहरणात ते ३८९.६० रुपये आहे. विजेचे दर कमी करण्याच्या राजकीय घोषणा होतात, तेव्हा या ओळीबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

एकाच्या बिलात दुसऱ्याचा वाटा

पहिल्या टप्प्याचा दर ५.८८ रुपये (वीज आणि वहन आकार मिळून) आणि चौथ्याचा १७.८१ रुपये. तारा त्याच, कोळसा तोच, मग तिप्पट फरक का?

कारण दर फक्त खर्चावरून ठरत नाही, कुणाला किती परवडेल यावरूनही ठरतो. १०० युनिटपर्यंतच्या घरांना वीज पुरवठ्याच्या सरासरी खर्चापेक्षा कमी दरात मिळते. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी तर त्याहून स्वस्त असा वेगळा वर्ग आहे. हा तोटा जास्त वापर करणारी घरं, दुकानं आणि उद्योग यांच्या जादा दरातून भरून काढला जातो. याला क्रॉस सबसिडी म्हणतात.

शेतीपंपाचं गणित आणखी वेगळं. कापूस आणि सोयाबीनच्या या भागात अनेक कुटुंबांची दोन कनेक्शन असतात, एक घराचं आणि एक विहिरीवरचं. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल सरकार भरतं. राज्यातल्या सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांसाठी ही योजना आहे. पण ती वीज फुकट तयार होत नाही. तिचा काही भाग राज्याच्या तिजोरीतून, म्हणजे करातून येतो आणि काही भाग इतर ग्राहकांच्या जादा दरातून. ज्या कुटुंबाचं पंपाचं बिल शून्य झालं, तेच कुटुंब घराच्या मीटरवर १०१ व्या युनिटपासून त्यातला थोडा वाटा उचलत असतं.

यावर उपाय म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीचे फीडर सौर ऊर्जेवर नेले जात आहेत. ही वीज युनिटमागे साधारण ३ रुपयांच्या आसपास मिळते आणि शेतकऱ्याला रात्रीऐवजी दिवसा पाणी देता येतं. ही योजना जितकी पुढे जाईल, तितका इतर ग्राहकांवरचा भार कमी होण्याची शक्यता आहे.

दर ठरवतं कोण?

महावितरण नाही आणि थेट मंत्रीही नाहीत. १९९९ मध्ये स्थापन झालेला महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग दर ठरवतो. महावितरण खर्चाचा हिशोब आणि दराचा प्रस्ताव मांडते, लोकांकडून हरकती मागवल्या जातात, ठिकठिकाणी सुनावणी होते आणि मग आयोग आदेश देतो. नांदुऱ्याच्या ग्राहकासाठी जवळची सुनावणी साधारणपणे अमरावतीला असते. लेखी हरकत मात्र घरबसल्या पाठवता येते.

महावितरणचे दर राज्यभर सारखे असतात. म्हणजे नांदुऱ्यातल्या आणि कोल्हापुरातल्या घराला युनिटचा दर एकच. मुंबईत बेस्ट, अदानी आणि टाटा यांचे ग्राहक आहेत, त्यांचे दर आयोग वेगळे ठरवतो. त्यामुळे मुंबईतल्या नातेवाइकाच्या बिलाशी आपल्या बिलाची तुलना करण्यात अर्थ नसतो.

ही प्रक्रिया किती गुंतागुंतीची होऊ शकते हे २०२५ मध्ये दिसलं. २८ मार्चला आयोगाने पुढच्या पाच वर्षांचे दर ठरवणारा आदेश दिला आणि विजेचे दर कमी होणार अशा बातम्या आल्या. महावितरणने हरकत घेतल्यावर २ एप्रिलला आयोगाने स्वतःच्याच आदेशाला स्थगिती दिली. २५ जूनला फेरविचार करून नवा आदेश आला आणि १ जुलैपासून नवे दर लागू झाले. 'दर कमी झाले' असा मेसेज मार्चमध्ये फॉरवर्ड करणाऱ्यांना एप्रिलचं बिल जुन्याच दराने आलं, त्याचं कारण हे.

हिशोब जुळत नसेल तर?

ओळी तपासूनही रक्कम जास्त वाटत असेल, तर बिलावर आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात.

- रीडिंग: 'चालू रीडिंग'च्या जागी लॉक, फॉल्टी किंवा आरएनए असं काही छापलं असेल, तर बिल अंदाजे सरासरीने दिलेलं आहे. नंतर खरं रीडिंग आलं की फरक एकदम अंगावर येतो. असं साठलेलं बिल तेवढ्या महिन्यांत विभागून, टप्प्यांचा फायदा देऊन लावलं आहे ना, हे पाहायला हवं. महावितरणच्या ॲपवरून ग्राहक स्वतःही रीडिंग पाठवू शकतात.
- थकबाकी आणि विलंब आकार: मुदतीनंतर बिल भरलं तर १.२५ टक्के विलंब आकार लागतो. उलट लवकर भरणाऱ्यांना १ टक्का तत्पर भरणा सवलत मिळते. तिची तारीख बिलावरच छापलेली असते. मे महिन्याच्या उदाहरणात ही सवलत सुमारे २४ रुपये होते.
- सुरक्षा ठेव: वर्षभराचा सरासरी वापर वाढला की अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं. हा खर्च नाही, ठेव आहे. तिच्यावर व्याज मिळतं आणि कनेक्शन बंद केल्यावर ती परत मिळते.

तक्रार आधी महावितरणच्या कार्यालयात किंवा १९१२ या क्रमांकावर करता येते. तिथे समाधान झालं नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल. विदर्भासाठी लोकपालांचं कार्यालय नागपूरला आहे. या दोन्ही ठिकाणी वकील लावण्याची सक्ती नाही.

आपल्या हातात काय आहे?

दर आपल्या हातात नाही, पण महागड्या टप्प्यातली युनिट आहेत.

जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅटचा असतो, नवा बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅटचा. रोज १५ तास चालवला तर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. ही युनिट १०१ ते ३०० च्या टप्प्यातली असतील, तर महिन्याला सुमारे २७० रुपये. २०० वॅटचा कूलर रोज १२ तास चालला, तर महिन्याला ७२ युनिट लागतात. त्याच दराने ते साडेनऊशे रुपयांच्या वर जातं. दीड टनाचा एसी रोज आठ तास चालवला, तर एकट्या त्याचीच युनिट दोनशेच्या वर जाऊ शकतात आणि घर ३०१ च्या टप्प्यात पोहोचतं.

छतावर सौर पॅनल बसवले, तरी हाच नियम लागू होतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असं जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. एक किलोवॅटचा संच महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट देतो. २५० युनिटच्या घराने त्यातली १०० युनिट वाचवली, तर बिल २,८२५ वरून सुमारे १,४९५ रुपयांवर येतं, कारण कमी होतात ती महागडी युनिट. पण ज्या घराचा वापर वर्षभर ७०-८० युनिटच असतो, त्यांची बचत युनिटमागे ६.८२ रुपयेच होते. त्यांना पॅनलचा खर्च वसूल व्हायला जास्त वर्षं लागतात.

ज्यांच्याकडे नवे टीओडी मीटर बसले आहेत, त्यांच्यासाठी जून २०२५ च्या आदेशात सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत ठेवण्यात आली. पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री ही कामं दिवसा उरकली, तर या सवलतीचा फायदा होतो.

पुढचं बिल आलं की मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचं बिल शेजारी ठेवून पाहा. युनिट वाढली असतील तर कारण घरात आहे. युनिट तेवढीच आणि इंधन समायोजन वाढलं असेल तर कारण कोळशात किंवा वीज खरेदीत आहे. दर बदलला असेल तर आयोगाचा आदेश शोधा. आणि रीडिंगच मीटरशी जुळत नसेल, तर बिलाचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी मीटरचा फोटो काढून महावितरणच्या कार्यालयात जा.